परीटघडीमागची आग
नांदेड-लातुरातील वाळवणाचा एक दुर्लक्षित इतिहास

परीटघडीचे कपडे घातलेला माणूस मराठी कथा-कादंबऱ्यांत जागोजागी भेटतो. ती घडी घालणारा क्वचित भेटतो, आणि घडी घालण्याआधी ते कपडे वाळले कसे, हे तर कोणी विचारतच नाही. धुण्याचा इतिहास आपल्याकडे थोडाफार लिहिला गेला आहे. बलुतेदारी, नदीचे घाट, साबण-सोडा यांच्या निमित्ताने तो येतो. वाळवण्याचा इतिहास वेगळा लिहावा असे मात्र कोणाला वाटलेले दिसत नाही. कारण उघड आहे. ऊन फुकट होते, वारा फुकट होता, आणि जे फुकट मिळते त्याची नोंद दप्तरात होत नाही.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत नांदेड आणि लातूर या दोन शहरांत रुग्णालये, लॉज, यात्री निवास, वसतिगृहे आणि मंगल कार्यालये वाढली. त्यांच्याबरोबर चादरी, अभ्रे, टॉवेल आणि शस्त्रक्रियागृहातले हिरवे कापड वाढले. एवढे कापड रोजच्या रोज दोरीवर वाळेना, तेव्हा वाळवण छपराखाली गेले आणि पुढे यंत्राच्या पोटात गेले. हे यंत्र म्हणजे व्यावसायिक ड्रायर. त्याच्याबद्दल लॉन्ड्रीतून मेकॅनिकला जे फोन जातात, त्यांत एक वाक्य नेहमी असते : ‘मशीन जास्त तापतंय.’

वरवर पाहता ही दुरुस्तीच्या वहीतली बाब आहे. पण या एका तक्रारीचा माग काढत मागे गेले, तर परटाची भट्टी, निझामी राजवटीतली कापडगिरणी, करडईचे तेल, भारनियमन आणि पाण्याची रेल्वे एवढ्या सगळ्या गोष्टी एका रांगेत येऊन उभ्या राहतात. मशीन का तापते याचे उत्तर त्या रांगेत आहे.

भट्टी, दगड आणि दोरी

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ सालच्या ग्रंथामुळे बलुतेदारीचे चित्र मराठी वाचकाला परिचित आहे. बारा बलुतेदारांच्या याद्या गावोगाव बदलतात, पण परीट बहुतेक याद्यांत असतो. वर्षभर कपडे धुवायचे आणि खळ्यावर धान्याच्या रूपाने मोबदला घ्यायचा, असा हा व्यवहार होता. मराठवाडा तेव्हा निझामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तरी गावाची ही घडण फारशी वेगळी नव्हती. नांदेडच्या परटाला गोदावरी होती. लातूर शहराच्या दाराशी मोठी नदी नाही, मांजरा दूर आहे. तिथे विहीर, ओढा आणि तळे यांवर काम भागवावे लागे.

परटाच्या कामाचा क्रम नीट पाहण्यासारखा आहे. मळके कपडे आधी खाराच्या पाण्यात भिजवायचे. हा खार कधी सज्जीचा, कधी खारवट मातीचा, पुढे धुण्याच्या सोड्याचा. मग ते भट्टीवर चढवून वाफेवर शिजवायचे. त्यानंतर दगडावर आपटणे, वाहत्या पाण्यात खळबळणे, पिळणे, नीळ, खळ आणि शेवटी वाळवण. खार आणि वाफ यांची जोडी कापडातला तेलकटपणा काढते. खारामुळे तेलाचा काही भाग साबणासारखा होऊन पाण्यात निघून जातो. म्हणजे दोरीवर चढणारे कापड पाण्याने ओले असे, तेलाने नव्हे. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

वाळवण्यासाठी दोन पदरी पिळलेली दोरी असे. चिमटे नसत; कापडाचे टोक दोरीच्या दोन पदरांत अडकवले की झाले. मुंबईत महालक्ष्मीच्या धोबीघाटावर ही पद्धत आजही दिसते. नदीकाठी वाळूवर, खडकावर, झुडपांवरही कपडे पसरत. पण पसरायचे ते एकेरी. दुहेरी कापड वाळत नाही, कोंदट वास मारते, हे सांगायला परटाला पुस्तक लागत नव्हते.

या साऱ्या क्रमात विस्तव दोन ठिकाणी आहे. एक भट्टीत, आणि तिथली उष्णता ओली आहे. कापड पाण्यात आणि वाफेत आहे, ते जळू शकत नाही. दुसरा विस्तव इस्तरीतल्या कोळशाचा. इस्तरी हा शब्द आणि बहुधा ती वस्तूही आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आली. कोरडे कापड आणि विस्तव यांची गाठ पडायची ती एवढ्या एका जागी, आणि तिथे परटाचा हात सतत फिरता असे. हात थांबला की कापडावर डाग उमटे. वाळवणात मात्र विस्तव कुठेच नव्हता. आधुनिक ड्रायरने पहिल्यांदा असे केले की, कोरडे होत जाणारे कापड आणि विस्तव यांना एकाच पेटीत बंद केले.

रुईची धास्ती

कोरड्या कापसाची आणि आगीची ओळख या भागाला ड्रायरच्या फार आधी झाली होती. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेची मीटरगेज वाट १९०० च्या सुमारास नांदेडवरून गेली. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी पोहोचली. रेल्वे आली तशा सरकी काढण्याच्या जिनिंग आणि गाठी बांधण्याच्या प्रेसिंगला बाजारपेठ मिळाली. नांदेडची गावरानी रुई नावाजलेली होती. कापूस संशोधनाचे केंद्रही नांदेडला झाले, आणि एनएचएच-४४ हा १९८० च्या दशकात गाजलेला संकरित वाण तिथलाच. मीर उस्मान अली खान हे १९११ मध्ये निझाम झाले. त्यांच्या नावाची उस्मानशाही मिल नांदेडच्या कित्येक पिढ्यांचे पोट होती. पुढे ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि अखेर बंद पडली. भोंगा गेला, तसे एक प्रकारचे शहाणपणही गेले.

ते शहाणपण असे होते. जिनिंगमध्ये कपाशीबरोबर खडा किंवा खिळा गेला की ठिणगी उडते, आणि पिंजलेल्या रुईला ठिणगी पुरते. म्हणून कापडगिरण्यांत पिंजण खाते वेगळे ठेवत, तंतूंचा उडालेला भुगा झाडण्याचे काम पाळीगणिक ठरलेले असे, आणि तेलकट चिंध्या रुईपासून लांब ठेवण्याची ताकीद असे. झाडणारा माणूस गिरणीच्या हजेरीपटावर होता. त्याचे काम हलके मानले जाई, पण ते काम आहे हे कोणी नाकारत नसे.

गिरणीत सूत वाळवण्याची यंत्रेही होती. ताण्याच्या सुताला खळ लावल्यावर ते वाफेने तापवलेल्या मोठ्या नळकांड्यांवरून नेऊन वाळवत. वाफेत एक अंगभूत मर्यादा आहे. साध्या बॉयलरमधली वाफ ज्या दाबाची, त्या दाबाला ठरलेल्या तापमानापेक्षा ती वर जात नाही. चौरस सेंटिमीटरला ७ किलो दाबाची वाफ सुमारे १७० अंश सेल्सिअसची असते. यंत्र कितीही वेळ चालू राहिले तरी १७० चे ३०० होत नाहीत. विजेची कॉइल किंवा गॅसचा बर्नर यांना अशी मर्यादा नाही. त्यांच्यावरून हवा जायची थांबली, तर ते तापतच राहतात. म्हणून वाफेच्या काळात दाब सांभाळणारा बॉयलर अटेंडंट महत्त्वाचा होता. वीज आणि गॅसच्या काळात ती जबाबदारी बोटाएवढ्या थर्मोस्टॅटवर आली.

यंत्राचे कूळ

ड्रायरचा जन्म थंड, दमट देशांतला आहे. १८०० च्या सुमारास पोशाँ नावाच्या फ्रेंच माणसाने भोके पाडलेले एक पिंप तयार केले. त्यात कपडे घालून ते विस्तवावर हाताने फिरवायचे. कपड्यांना धुराचा वास लागे आणि कधी कधी ते पेटतही. म्हणजे जास्त तापण्याची तक्रार या यंत्राच्या जन्माबरोबरच आली. अमेरिकेत जॉर्ज सॅम्पसन या कृष्णवर्णीय संशोधकाला १८९२ मध्ये चुलीच्या उष्णतेवर, चौकटींवर कपडे वाळवण्याच्या साधनाचे पेटंट मिळाले. नॉर्थ डकोटात हिवाळ्यात कपडे बाहेर वाळत घालणे अशक्य, म्हणून रॉस मूर यांनी घरगुती ड्रायरवर बरीच वर्षे खटपट केली. १९३८ मध्ये विस्कॉन्सिनच्या हॅमिल्टन कंपनीने तो ‘जून डे’ या नावाने बाजारात आणला. हिवाळ्यातही जूनमधला दिवस, असा त्या नावाचा अर्थ.

नांदेड-लातूरकराला हे नाव वाचून गंमत वाटेल. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि दुपारी धोतर अर्ध्या तासात वाळते. तरीही यंत्र आले, कारण गरज उन्हाची नव्हती, खात्रीची होती. लातूरला १९६६ मध्ये विवेकानंद रुग्णालय सुरू झाले. १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला. १९८८ मध्ये नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. लातूरला १९९० मध्ये खासगी आणि २००२ मध्ये शासकीय महाविद्यालय आले. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी नांदेडात लाखो भाविक आले आणि शहराचा कायापालट झाला. रुग्णालयातली चादर श्रावणातल्या झडीतही आज धुऊन उद्या खाटेवर लागते. मोकळ्या अंगणातली धूळ तिला चालत नाही. शिवाय मोकळे अंगणच उरले नाही. जिथे दोऱ्या बांधत तिथे वाहनतळ झाले.

यंत्र असे आले. त्याच्या घडणीत मात्र एक गृहीतक दडलेले होते, ते कोणी उघड करून सांगितले नाही.

ओले कापड स्वतःला सांभाळते

ते गृहीतक समजण्यासाठी माठ आठवावा. उन्हाळ्यात माठातले पाणी बाहेरच्या हवेपेक्षा गार असते, कारण पाझरलेले पाणी वाफ होऊन जाताना उष्णता घेऊन जाते. ओल्या कापडाचेही तसेच आहे. ड्रायरच्या ड्रममध्ये गरम हवा आली तरी कापडात पाणी आहे तोवर कापड फार तापत नाही. आलेली उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६७ युनिट वीज लागते, तीही काही वाया गेले नाही असे धरून. २५ किलो सुती कापड चांगले पिळून घेतले तरी त्यात साडेबारा लिटरच्या आसपास पाणी उरते. म्हणजे एका घाण्याला किमान ८ युनिट. हे पाणी वाफ होऊन ड्रमबाहेर गेले पाहिजे. ते नेते कोण? हवा.

इथे ड्रायरचे मर्म आहे. लोक समजतात की ड्रायर हे तापवण्याचे यंत्र आहे. खरे तर ते हवा वाहून नेण्याचे यंत्र आहे, आणि ती हवा जरा गरम केलेली असते, इतकेच. नांदेडच्या घराघरांत कूलर आहे. बंद खोलीत कूलर लावला तर गारवा येत नाही, चिकचिक होते, हे पोरालासुद्धा ठाऊक असते. समोरची खिडकी उघडावी लागते. ड्रायरचा नियम हाच. जेवढी हवा आत, तेवढी बाहेर.

पाणी संपत आले की परिस्थिती एकदम पालटते. कापडाचे कवच गेलेले असते, आणि त्यानंतर दिलेली प्रत्येक मिनिटाची उष्णता थेट धाग्यात शिरते. कापूस हवेतला ओलावा धरून ठेवतो. प्रमाणित हवामानात हे प्रमाण साडेआठ टक्के मानतात. मराठवाड्याच्या एप्रिल-मेतल्या कोरड्या हवेत ते आणखी खाली असते. त्यामुळे जानेवारीत किंवा पावसाळ्यात ठरवलेली ४५ मिनिटांची वेळ मे महिन्यात तशीच ठेवली, तर शेवटची काही मिनिटे यंत्र कोरडे कापड भाजत असते. टॉवेल खरखरीत होतो, पांढऱ्या चादरीवर पिवळी झाक येते. ऋतूप्रमाणे वाळवणाची वेळ बदलायची असते, हे पापड-कुरडया घालणाऱ्या बाईला कळते. टायमरला कळत नाही.

तापण्याची निदाने

आता त्या तक्रारीकडे येऊ. यंत्र जास्त तापते तेव्हा पहिला संशय थर्मोस्टॅटवर जातो, आणि तो बदलला जातो. कधी तो खरोखर बिघडलेला असतो. पण बहुधा दुखणे दुसरीकडे असते, आणि त्याचे कारण थर्मोस्टॅट बसवलेल्या जागेत सापडते. मुख्य थर्मोस्टॅट सहसा बाहेर जाणाऱ्या हवेच्या वाटेत असतो. ती वाट तुंबली, तर त्याच्यापर्यंत गरम हवा पुरेशी पोहोचत नाही. त्याला वाटते, अजून गार आहे. तो हीटर चालू ठेवतो आणि हीटरची पेटी लालबुंद होत जाते. तिथे बसवलेला दुसरा रक्षक, हाय लिमिट स्विच, मग यंत्र बंद पाडतो. तो वारंवार पाडू लागला की कामाचा खोळंबा होतो. मग कोणीतरी सांगतो, ‘डायरेक्ट करून टाक.’ दोन वायरी जोडल्या जातात आणि शेवटचा पहारेकरी घरी जातो.

खरे निदान हवेच्या वाटेवर चालत जाऊन करायचे असते. आधी जाळी पाहावी. सुती कापडातून, विशेषतः टॉवेलमधून, तंतूंचा भुगा सुटतो. लॉन्ड्रीत त्याला लिंट म्हणतात. तो जाळीवर गालिच्यासारखा बसतो. जाळी दर घाण्याला, निदान दिवसातून काही वेळा साफ झाली पाहिजे. नंतर जाळीमागचा कप्पा, हीटरभोवतीची जागा आणि बाहेर जाणारा पाइप. जाळीतून सुटलेला भुगा याच ठिकाणी साठतो आणि पेटतो तोही इथेच. पाइप लांब असेल, त्याला तीन-चार बाक असतील, बाहेरच्या तोंडाला उंदीर-चिमण्यांसाठी बारीक जाळी ठोकली असेल, तर हवा गुदमरते. पावसाळ्यात ओलसर भुगा पाइपच्या भिंतीला चिकटून लगदा होतो, उन्हाळ्यात तो वाळतो.

मग खोली पाहावी. यंत्र बाहेर फेकते तेवढी हवा खोलीत येण्यासाठी झरोका आहे का? धूळ येते म्हणून खिडक्या बंद केलेल्या असतात, पाहुण्यांना दिसू नये म्हणून लॉन्ड्री तळघरात ढकललेली असते, आणि शेजारचे दुसरे यंत्र त्याच तुटपुंज्या हवेवर जगत असते. दार किलकिले करताच ज्वाला किंवा तापमान जागेवर येत असेल, तर यंत्र निर्दोष आहे. खोली दोषी आहे.

त्यानंतर ब्लोअर. पट्टा सैल झाला की पंखा घसरतो. त्याहून फसवे दुखणे थ्री-फेजचे आहे. ट्रान्सफॉर्मर बदलला किंवा केबल जोडली आणि फेजची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. ही गोष्ट मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला शिकवावी लागत नाही. बोअरची मोटर उलटी फिरली की पाणी येते, पण कमी येते. ब्लोअरचे अगदी तसेच होते. उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून बाहेर पडते, फक्त फार कमी. हाताला वारा लागतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. लॉन्ड्रीतल्या मुलाला हे उमगत नसले, तरी त्याच्या गावाकडच्या बापाला उमगले असते.

शेवटी विजेचे स्विच. हीटरचा प्रवाह तोडणारा कॉन्टॅक्टर वारंवारच्या ठिणग्यांनी आणि कमी-जास्त दाबाने चिकटून बसतो. थर्मोस्टॅट ‘थांब’ म्हणतो, पण हीटर ऐकत नाही.

आणि वीज गेली तर? दूरवरच्या देशातल्या माहितीपुस्तकात हा प्रसंग अपवाद म्हणून दिलेला असतो. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राने जे भारनियमन सोसले, त्यात तो रोजचा होता. यंत्राच्या शेवटच्या पाच-दहा मिनिटांत हीटर बंद करून नुसती हवा फिरवतात, म्हणजे कापड निवते. ऐन तापलेल्या घाण्यात वीज गेली की ड्रम थांबतो, पंखा थांबतो, उष्णता आत तशीच राहते. अशा वेळी कपडे लगेच काढून मोकळे पसरावे लागतात. धूर दिसत असेल तर मात्र दार उघडू नये, कारण उघड्या दारातून आगीला हवा मिळते. हे दोन नियम भिंतीवर मराठीत लिहिलेले असावेत, एवढी साधी अपेक्षा आहे.

तेल, दुष्काळ आणि गठ्ठा

एक आग अशी असते की ती यंत्र बंद झाल्यावर लागते. तिचे मूळ या भागाच्या पिकांत आहे. करडई हे मराठवाड्याचे जुने रब्बीचे तेलबी. लातूरला गळीतधान्य संशोधन केंद्र आहे ते उगीच नव्हे. करडईच्या तेलात लिनोलिक आम्लाचे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर जाते. जवसाप्रमाणेच हे ‘वाळणारे’ तेल आहे. हवेतला प्राणवायू घेऊन ते घट्ट होते, आणि तसे होताना उष्णता सोडते. आता करडई मागे पडली आणि लातूर सोयाबीनची मोठी बाजारपेठ झाली. सोयाबीनच्या तेलातही लिनोलिक आम्ल निम्म्याच्या आसपास असते, म्हणून त्याचा स्वभाव थोडा सौम्य, पण त्याच जातीचा. हॉटेलच्या स्वयंपाकघरातली फडकी, मालिशचे टॉवेल यांत हे तेल मुरते. ड्रायरमध्ये ते तापते. गरम फडक्यांचा गठ्ठा बांधून कोपऱ्यात ठेवला की तेल आतल्या आत प्राणवायू घेत राहते, गठ्ठ्यातली उष्णता बाहेर पडत नाही आणि काही तासांनी, बहुधा रात्री, गठ्ठा धुमसू लागतो.

ओलसर सोयाबीनची बनीम आतून तापते, हे या भागातल्या शेतकऱ्याला माहीत असते. हात घालून तो पाहतो आणि बनीम मोडतो. तिथली उष्णता जिवाणू आणि बुरशीची, इथली तेलाची; पण दोन्हीकडे धोका ढिगात कोंडलेल्या उष्णतेचाच आहे.

परटाच्या भट्टीत खार आणि वाफ यांनी तेल निघून जात असे. यंत्रातल्या धुण्यातही ते निघते, पण त्याला गरम पाणी, पुरेसा क्षार आणि भरपूर खळबळणे लागते. नेमके तेच या भागात अधूनमधून दुर्मीळ होते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातुरात पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी. ती ज्या मिरज-कुर्डुवाडी-लातूर वाटेने आली, तीच कधी काळी बार्शी लाइटची अरुंद वाट होती. अशा दिवसांत कोणीही धुण्याच्या पाण्यात पहिली काटकसर करणार. कापडात तेल उरते ते अशा काटकसरीतून. धुण्यातली कसर वाळवणात उघडी पडते, हा साधा कार्यकारणभाव दुष्काळी भागातल्या प्रत्येक रुग्णालयाने आणि हॉटेलने ध्यानात ठेवावा असा आहे. तेलकट फडकी वेगळी धुवावीत, शक्य तर यंत्राऐवजी उन्हात वाळवावीत आणि गरम असताना त्यांचा गठ्ठा बांधू नये.

हवेचे काम कोणाचे?

हे दुखणे आपल्या एकट्याचे नाही. अमेरिकेतल्या घरगुती ड्रायरच्या आगींपैकी सुमारे एक तृतीयांश आगींमागे साफसफाई न होणे हे प्रमुख कारण असल्याचे तिथल्या अग्निसुरक्षा संस्थेने नोंदवले आहे. लंडनच्या शेफर्ड्स बुश भागात ऑगस्ट २०१६ मध्ये एका उंच इमारतीला लागलेली आग एका ड्रायरपासून सुरू झाली होती. त्या घराण्यातल्या यंत्रांत भुगा हीटरला लागण्याचा दोष असल्याचे त्याआधीच जाहीर झाले होते, आणि २०१९ मध्ये तिथे लाखो यंत्रे परत बोलवावी लागली. फरक एवढाच की, तिथे आग कशाने लागली याची नोंद होते. आपल्याकडे बातमीचा शेवट बहुतेक वेळा ‘शॉर्टसर्किटमुळे’ या एका शब्दावर होतो. तुंबलेली जाळी, उलटा फिरणारा ब्लोअर आणि ‘डायरेक्ट’ केलेला स्विच त्या शब्दाखाली गाडले जातात.

१९४८ च्या कारखाना कायद्याने उत्पादन प्रक्रियेच्या व्याख्येत धुणे आणि स्वच्छ करणे यांचा उल्लेख केला होता. खेळती हवा, धूळ आणि आग यांबद्दलची कलमेही त्यात होती. पण मूळ कायद्याची मोजणी यंत्रशक्तीच्या ठिकाणी १० कामगारांपासून सुरू होत असे. तळघरातल्या लॉन्ड्रीत तीन-चार जण असतात आणि तेही अनेकदा कंत्राटदाराचे. गिरणीत झाडणारा माणूस हजेरीपटावर होता. इथे जाळी साफ करणे हे कोणाचेच नेमलेले काम नसते. ज्याला सवड असेल तो करतो, म्हणजे ज्या दिवशी कपडे जास्त, त्या दिवशी कोणीच करत नाही. भुगाही त्याच दिवशी जास्त साठतो.

सफाईला हलके मानण्याची आपली रीत जुनी आहे. परीट कुटुंबात जन्मलेले गाडगेबाबा (१८७६–१९५६) हातात खराटा घेऊन गावोगाव हिंडले ते या रीतीविरुद्ध. त्यांच्या नावाने आपण स्वच्छता अभियान चालवतो. पण यंत्राच्या पोटातली सफाई अजूनही पोऱ्याचे काम मानली जाते आणि थर्मोस्टॅट बदलणे तेवढे कारागिरीचे. पगारही त्याच हिशेबाने मिळतो. जळका वास सर्वांत आधी ज्याच्या नाकाला येतो, त्याला यंत्र बंद करण्याचा अधिकार नसतो. ज्याला अधिकार असतो तो वरच्या मजल्यावर असतो.

परटाची व्यवस्था रम्य नव्हती. धान्याच्या बदल्यात वर्षभर राबणे, वर पायरीने खालचे ठरणे, थंडीत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहणे, हे सारे त्यात होते आणि ते गेले हे चांगलेच झाले. पण जाताना आपण त्या माणसाचे ज्ञानही जातीबरोबर मोडीत काढले. भट्टी केव्हा उतरवायची, कापड केव्हा उलटायचे, आज वारा आहे की नाही, हे ठरवणारा तोच होता. मोबदला कमी असला तरी निर्णय त्याचा होता. यंत्र आणताना आपण त्याचे श्रम वाचवले, आणि त्याबरोबर निर्णयही काढून टायमरकडे दिला.

यावरचा उपाय महागडा नाही. हजेरीच्या वहीत एक रकाना वाढवावा : जाळी कोणी साफ केली, किती वाजता. महिन्यातून एकदा पाइप उघडावा. वीजजोडणीत काही बदल झाला की ब्लोअरची फिरण्याची दिशा पाहावी. हाय लिमिट स्विच ‘डायरेक्ट’ करणे हा गुन्हा मानावा. मे महिन्यात वेळ कमी करावी, आणि नांदेड-लातूरच्या आठ महिन्यांच्या उन्हात जे कापड गच्चीवर वाळू शकते, ते गच्चीवर वाळवावे. मुख्य म्हणजे यंत्राशेजारी उभ्या असलेल्या माणसाने ‘वास येतोय, बंद करतो’ असे म्हटल्यावर त्याच्या पगारातून काही कापले जाऊ नये.

ऊन-वारा फुकट होता तेव्हा त्याची नोंद कोणी ठेवली नाही, ते समजण्यासारखे आहे. आता ऊन विकत घ्यावे लागते आणि त्याचे बिल दरमहा येते. वाऱ्याचे बिल मात्र येत नाही, म्हणून तो मोजला जात नाही, आणि जिथे वारा मोजला जात नाही तिथे मशीन तापते.